साठ मीटर, पाच हर्डल्स : प्रस्तावना

पुरुषांची इनडोअर ६० मीटर हर्डल्स ही शर्यत साधारण साडेसात ते आठ सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात धावपटूला १.०६७ मीटर उंचीचे पाच हर्डल्स पार करायचे असतात. आरंभरेषेपासून पहिला हर्डल १३.७२ मीटरवर असतो. पुढचे चार दर ९.१४ मीटरला एक असे येतात आणि पाचव्यानंतर अंतिम रेषेपर्यंत ९.७२ मीटरची सपाट धाव उरते. मीटरच्या हिशेबात हे आकडे अडनिडे वाटतात, कारण ते मुळात यार्डांचे आहेत : पंधरा यार्ड, दहा यार्ड आणि साडेतीन फूट. मैदानी ११० मीटर हर्डल्समध्येही हीच उंची आणि हीच अंतरे असतात. तिथे हर्डल्स दहा आणि शेवटची धाव १४.०२ मीटर. पाचव्या हर्डलपर्यंत दोन्ही शर्यती मोजमापाने तंतोतंत सारख्या आहेत.

असे असूनही छपराखालच्या शर्यतीची मागणी वेगळी आहे. ११० मीटरमध्ये सुरुवातीला मागे पडलेला धावपटू सहाव्या-सातव्या हर्डलपासून लय पकडून पुढे येऊ शकतो. ६० मीटरमध्ये त्याला ती संधी मिळत नाही. अव्वल धावपटू पहिला हर्डल ओलांडून जमिनीवर पाय टेकतो तेव्हा सुमारे अडीच सेकंद झालेले असतात, म्हणजे शर्यतीचा एक तृतीयांश वेळ एका हर्डलवरच गेलेला असतो. त्यानंतर प्रत्येक हर्डलमागे साधारण एक सेकंद लागतो. आरंभ आणि पहिला हर्डल या दोन गोष्टींवर बहुतेक निकाल ठरतात आणि या शर्यतीचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा.

हर्डल ओलांडणे म्हणजे उंच उडी, असा नवख्याचा समज असतो. मुरलेला धावपटू हर्डलवरून धावत जातो. हर्डलच्या सुमारे दोन मीटर अलीकडून तो जमीन सोडतो आणि सव्वा ते दीड मीटर पलीकडे उतरतो. हवेत असताना वेग वाढवता येत नाही, म्हणून हवेतला काळ जितका कमी तितके बरे. पुढचा पाय गुडघ्यातून वर येतो, छाती त्याच्यावर झुकते, मागचा पाय बाजूने सपाट फिरवून खेचला जातो आणि पुढचा पाय झटकन खाली आणला जातो. दोन हर्डल्सच्या मध्ये तीन पावले बसतात. ९.१४ मीटरमधून उड्डाणाची लांबी वजा केली की त्या पावलांना जेमतेम साडेपाच मीटर उरतात. सपाट शर्यतीत हाच धावपटू याहून कितीतरी लांब पाऊल टाकतो. इथे त्याला पाऊल आखडून त्याची गती वाढवावी लागते. उंच धावपटूला हर्डल सोपा जातो, पण मधली जागा अपुरी पडते. बुटक्याचे नेमके उलटे होते. १.७८ मीटर उंचीच्या अ‍ॅलन जॉन्सनने १९९५, २००३ आणि २००४ अशी तीन जागतिक इनडोअर विजेतेपदे मिळवली आणि १९९६चे ऑलिम्पिक सुवर्णही जिंकले. उंची कमी म्हणून मुलाला या शर्यतीपासून दूर ठेवणाऱ्या शिक्षकाने जॉन्सनच्या शर्यती जरूर पाहाव्यात.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. हर्डलला धक्का लागून तो पडला तर धावपटू बाद होत नाही. हाताने मुद्दाम पाडला, पाय हर्डलच्या बाजूने खालून नेला किंवा दुसऱ्याच्या वाटेत अडथळा आणला तर होतो. २०१०पासून पहिल्याच चुकीच्या आरंभाला बाद ठरवले जाते आणि बंदुकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत झालेली हालचाल चुकीचा आरंभ समजली जाते. छपराखाली वारा नसतो, त्यामुळे मैदानी विक्रमांना असलेली सेकंदाला दोन मीटर वाऱ्याची मर्यादा इथे लागू नाही. ही शर्यत दोनशे मीटरच्या इनडोअर ट्रॅकच्या मधल्या सरळ पट्ट्यावर होते. अंतिम रेषेपलीकडे थांबायला मोजकी जागा असते आणि तिच्या टोकाला जाड गाद्या लावलेल्या असतात.

अडथळ्यांच्या शर्यतीला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळा आणि विद्यापीठांत मिळाले. मेंढ्या कोंडण्यासाठी वापरायच्या लाकडी चौकटी जमिनीत पक्क्या रोवत आणि मुले त्यांवरून उड्या मारत. १८६४मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील सामन्यात १२० यार्डांची हर्डल्स होती. रोवलेल्या चौकटीला पाय अडकला की इजा ठरलेली, म्हणून धावपटू दोन्ही पाय पोटाशी घेऊन उंच उडी मारत. अमेरिकेच्या अ‍ॅल्विन क्रेंझ्लाइनने १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुढचा पाय सरळ ठेवून हर्डल पार करण्याची पद्धत रूढ केली. पुढचे मोठे पाऊल साधनात पडले. १९३०च्या दशकात इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा, तळाशी वजन असलेला आणि धक्का लागताच पुढे कलंडणारा हर्डल आला. तोवर तीन हर्डल्स पाडणारा धावपटू बाद होत असे. तो नियमही पुढे गेला. हर्डल पडू शकतो हे कळल्यावर धावपटू त्याच्या अगदी जवळून, सपाट जाऊ लागले. या शर्यतीचा वेग जितका धावपटूंनी वाढवला तितकाच त्या कलंडणाऱ्या चौकटीनेही वाढवला.

शर्यत छपराखाली गेली ती थंडीमुळे. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात, म्हणून लष्करी कवायतीच्या सभागृहांत आणि प्रेक्षागारांत लाकडी फळ्यांचे ट्रॅक टाकून स्पर्धा होऊ लागल्या. न्यूयॉर्कची मिलरोझ गेम्स ही स्पर्धा १९०८पासून चालत आली असून १९१४पासून जवळजवळ शतकभर ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. सभागृहाच्या लांबीनुसार शर्यतीचे अंतर ठरे : कुठे ५० यार्ड, कुठे ६०, कुठे ५० मीटर. युरोपात १९६६मध्ये डॉर्टमुंडला पहिल्या युरोपियन इनडोअर गेम्स झाल्या आणि १९७०मध्ये व्हिएन्नापासून त्यांना अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. जागतिक पातळीवर १९८५मध्ये पॅरिसला वर्ल्ड इनडोअर गेम्स आणि १९८७मध्ये इंडियानापोलिसला पहिली जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे ६० मीटर हर्डल्स अमेरिकेच्या टोनी कॅम्पबेलने जिंकली.

या क्षेत्रात ज्यांना घराणी म्हणता येतील अशा काही परंपरा आहेत. अमेरिकेची परंपरा महाविद्यालयीन खेळातून आली. तिथे हर्डलर हा आधी अव्वल वेगवान धावपटू असतो. हॅरिसन डिलार्ड हे त्याचे जुने उदाहरण : १९४८च्या निवड चाचणीत हर्डल्समध्ये अडखळला, त्याच वर्षी लंडनला सपाट १०० मीटर जिंकला आणि १९५२मध्ये हर्डल्सचे सुवर्णही घेऊन गेला. रेनाल्डो नेहमायाने १९८१मध्ये ११० मीटर १२.९३ सेकंदांत धावून तेरा सेकंदांची सीमा प्रथम ओलांडली. क्युबाने तंत्रावर आणि पावलांच्या हिशेबावर भर दिला. त्या परंपरेतल्या डायरॉन रॉब्लेसने पहिल्या हर्डलपर्यंतची आठ पावले सातवर आणली. पावले मोठी, आरंभ अधिक जोरकस आणि हर्डलवर येताना वेग जास्त, असा हा बदल होता. पुढे चीनच्या लिऊ श्यांगने तो स्वीकारला आणि अमेरिकेच्या एरिज मेरिटने २०१२मध्ये सात पावलांवरच १२.८० सेकंदांचा मैदानी विश्वविक्रम केला. आज सात पावले हा अव्वल पातळीवरचा रिवाज आहे. मात्र पायांत पुरेशी ताकद नसलेल्या शाळकरी मुलावर तो लादणे चुकीचे आहे, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन ६० मीटरचा खरा कारागीर होता. ६ मार्च १९९४ रोजी जर्मनीतील झिंडेलफिंगेनला त्याने ७.३० सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि तो जवळपास २७ वर्षे टिकला. अंतिम रेषेवर छाती पुढे झोकण्याची त्याची हातोटी आजही प्रशिक्षक चित्रफितींतून दाखवतात. लिऊ श्यांगचे महत्त्व आशियासाठी वेगळे आहे. २००४मध्ये अथेन्सला ऑलिम्पिक सुवर्ण, २००८मध्ये व्हॅलेन्सियाला जागतिक इनडोअर सुवर्ण आणि २०१२मध्ये बर्मिंगहॅमला ७.४१ सेकंदांचा आशियाई इनडोअर विक्रम, एवढी कामगिरी एका आशियाई धावपटूने केल्यावर ही शर्यत आपल्या शरीरयष्टीची नाही हे म्हणणे निराधार ठरले. त्याच व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेत रॉब्लेस प्राथमिक फेरीतच बाहेर पडला होता. चुकीचा आरंभ झाला आहे आणि शर्यत परत बोलावली जाईल, असे समजून तो पहिल्या पावलांतच थबकला. बंदूक मात्र पुन्हा वाजली नाही. दोन वर्षांनी दोहाला त्यानेच ७.३४ सेकंदांत सुवर्ण जिंकले.

सध्याचे युग अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेचे आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये माद्रिदला ७.२९ सेकंदांत धावून त्याने जॅक्सनचा विक्रम मोडला आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अल्बुकर्कीला तो ७.२७वर आणला. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेचा वेगवान शर्यतींना फायदा होतो. त्यानंतर दोन आठवड्यांनी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत, सखल जागी आणि अंतिम फेरीच्या दडपणाखाली, त्याने नोंदवलेले ७.२९ सेकंद या दृष्टीने अधिक मोलाचे मानावे लागतात. २०२२मध्ये बेलग्रेड, २०२४मध्ये ग्लासगो आणि २०२५मध्ये नानजिंग अशी सलग तीन जागतिक इनडोअर विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. पहिल्या हर्डलवर तो इतरांच्या इतका पुढे असतो की बाकीच्यांची शर्यत बहुधा दुसऱ्या क्रमांकासाठीच होते.

भारतात ही शर्यत उशिरा पोचली. मैदानी हर्डल्समध्ये मात्र भारताचा एक मोठा टप्पा जुना आहे : १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये गुरबचनसिंग रंधावा यांनी ११० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत १४.० सेकंदांत पाचवा क्रमांक मिळवला. त्यानंतर दीर्घकाळ या शर्यतीत भारतीय नाव जागतिक यादीत दिसले नाही. आशियाई इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा २००४मध्ये तेहरानला सुरू झाली, पण देशात छपराखालचा ट्रॅकच नसल्याने भारतीय खेळाडू बहुधा कसलाही इनडोअर सराव नसताना तिथे उतरत. हे चित्र अलीकडे बदलले. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने महिलांच्या ६० मीटर हर्डल्समध्ये २०२३ला अस्ताना येथे रौप्य आणि २०२४ला तेहरान येथे ८.१२ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह सुवर्ण मिळवले. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमच्या परिसरात इनडोअर अ‍ॅथलेटिक्सचे केंद्रही उभे राहिले.

पुरुषांच्या हर्डल्समध्ये या बदलाचा धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाने २०१७मध्ये ११० मीटरचा राष्ट्रीय विक्रम १३.४८ सेकंदांवर नेला. मे २०२४मध्ये फिनलंडमधील युवॅस्क्युला येथे तेजस शिरसेने १३.४१ सेकंदांत धावून तो मोडला. इनडोअर ६० मीटरचा राष्ट्रीय विक्रमही शिरसेने आपल्या नावावर केला. शिरसे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीचा, म्हणजे मराठवाड्याचा. त्याची पुढची घडण भुवनेश्वरच्या केंद्रात ब्रिटिश प्रशिक्षक जेम्स हिलियर यांच्या हाताखाली झाली. पॅरिस ऑलिम्पिकच्या थेट पात्रतेसाठी १३.२७ सेकंद लागत होते. उरलेल्या चौदा शतांश सेकंदांचा शोध घ्यायचा तर आरंभ आणि पहिले काही हर्डल्स हेच पाहावे लागतात, आणि इनडोअर शर्यत तेवढाच भाग वेगळा काढून समोर ठेवते. युरोपातले मैदानी हर्डलर जानेवारी ते मार्च छपराखाली धावतात, त्यामागे हाच विचार असतो.

अडथळ्यांच्या शर्यती मराठी मुलुखाला नव्या नाहीत. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकला. साताऱ्याची ललिता बाबर २०१६मध्ये रिओला याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. स्टीपलचेसमधला अडथळा पक्का, न हलणारा असतो आणि कसोटी दमाची असते. त्या यशाचा वारसा थेट हर्डल्सकडे येत नाही. पण दुष्काळी तालुक्यांतली मुले अडथळ्यांच्या शर्यतीत आशियात पहिली येऊ शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. हे पुस्तक ज्या धाराशिव जिल्ह्याला डोळ्यांसमोर ठेवते, त्याच्या भूम आणि परंडा या तालुक्यांना साबळेचे गाव फार लांबचे नाही.

धाराशिवचा स्वतःचा खेळ खो-खो आहे, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने ते भाग्य आहे. या जिल्ह्याने सारिका काळे यांच्यासारखी भारताची कर्णधार दिली. त्यांना २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. गावोगावच्या शाळांत संध्याकाळी खांब रोवलेले मैदान दिसते. खो-खोचा खेळाडू बसल्या जागेवरून झेपावतो, दोन-तीन पावलांत वेग पकडतो आणि कमरेतून खाली वाकूनही तोल राखतो. ब्लॉकवरून सुटणाऱ्या हर्डलरला हेच गुण लागतात. खो-खोच्या खेळाडूजवळ कमी असते ती सरळ रेषेतली ठरावीक लय, कारण खो-खोत सतत दिशा बदलायची सवय लागते. म्हणून चांगल्या आक्रमकाला हर्डल्सकडे वळवताना उडीआधी पावलांचे माप शिकवावे लागते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते. आरंभरेषेपासून दुसरा हर्डल २२.८६ मीटरवर येतो. मैदानाच्या टोकाला थांबायला मोकळी जागा असेल तर पहिल्या दोन हर्डल्सचा सराव तिथेच करता येतो.

छपराचा प्रश्नही इथे वेगळ्या नजरेने पाहायला हवा. थंड देशांत छप्पर हिवाळ्यासाठी लागते. बालाघाटच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारी हे सरावाचे सर्वांत चांगले दिवस असतात : कोरडी हवा, घट्ट मुरूम, सकाळचा गारवा. जगाचा इनडोअर हंगाम नेमका त्याच महिन्यांत असतो. त्या काळात उघड्या मैदानावर ६० मीटरची धाव आणि पाच हर्डल्स मांडले की शर्यतीचा गाभा हाती येतो. वाऱ्याचा आणि पृष्ठभागाचा फरक तेवढा ध्यानात ठेवावा लागतो. अडचण पावसाळ्यात येते. शालेय क्रीडा स्पर्धा बहुतेक त्याच सुमारास सुरू होतात आणि ओल्या मैदानावर हर्डल मारायला मुले कचरतात, ते बरोबरही आहे. धाराशिवचे श्री तुळजाभवानी जिल्हा क्रीडा संकुल असो वा तालुक्याची संकुले, पावसाच्या दिवसांत एखादे सभागृह आणि दोन हर्डल्स मिळाले तरी वर्षभराच्या सरावात खंड पडत नाही. पूर्ण अंतराचा सिंथेटिक पट्टा हवाच, त्याची मागणीही व्हायला हवी. पण तो येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

शाळांमध्ये सर्वाधिक नुकसान साधनांमुळे होते. अनेक ठिकाणी जड लाकडी किंवा लोखंडी, धक्का लागून न पडणारे अडथळे वापरले जातात. एकदा नडगी फुटली की मूल पुढच्या वेळी हर्डलसमोर पाऊल आखडते आणि उंच उडी मारते. मग ती सवय मोडायला वर्षे लागतात. खरा हर्डलही उलटा मांडला तर तितकाच धोकादायक असतो. त्याचे पाय धावपटू ज्या बाजूने येतो त्या बाजूला असले पाहिजेत, म्हणजे धक्का लागताच तो पुढे कलंडतो. हे सांगायला एक मिनिट लागते, तरी तालुक्याच्या स्पर्धांत उलटे हर्डल्स मांडलेले दिसतात. मोजमापाचेही तेच. दोन हर्डल्समधले अंतर अंदाजाने, पावलांनी मोजून फक्की मारली आणि ते वीत-दीड वीत चुकले, तर तीन पावलांची लय बसत नाही आणि दोष मुलाच्या माथी येतो.

हे पुस्तक क्रीडाशिक्षक, तरुण धावपटू आणि जाणकार प्रेक्षक या तिघांसाठी आहे. शर्यतीचे अंतरंग, तिचा इतिहास, निरनिराळ्या परंपरांचे तंत्र आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या निवडक शर्यतींचे वाचन त्यात आहे. शर्यतींची निवड विजेत्यांच्या थोरवीवर केलेली नाही. आरंभ, पहिला हर्डल, मधली पावले किंवा शेवटची धाव यांपैकी एखादी बाब जिथे स्वच्छ दिसते त्या शर्यती घेतल्या आहेत. सरावाचा भाग मुरमाचे मैदान, मोजायची टेप आणि पाच कलंडणारे हर्डल्स एवढे गृहीत धरून लिहिला आहे. वजनगृह, संवेदक लावलेले ब्लॉक आणि वेगवान कॅमेरे यांचा उल्लेख त्यात माहितीपुरता येतो, अट म्हणून येत नाही. महिलांच्या शर्यतीत हर्डलची उंची ०.८३८ मीटर आणि अंतर ८.५० मीटर असते; त्यामुळे तिची लय आणि तंत्र इतके वेगळे होते की तिला स्वतंत्र ग्रंथ हवा. इथे ती तुलनेपुरती घेतली आहे.

वयोगटांबाबत एक खबरदारी सर्व प्रकरणांत पाळली आहे. १.०६७ मीटर ही उंची प्रौढ पुरुषांची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वीस वर्षांखालील मुलांसाठी ती ०.९९१ मीटर आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ०.९१४ मीटर असते. सराव सुचवताना त्या-त्या वयोगटाची उंची आधी दिली आहे आणि नवशिक्यासाठी तीही खाली आणली आहे. रंधावा यांची १९६४ची वेळ सोडली तर वेळांच्या नोंदी विजेवरच्या यंत्राने घेतलेल्या, शतांशापर्यंतच्या आहेत. शाळेच्या मैदानावर हातातल्या घड्याळाने घेतलेली वेळ त्यांच्या शेजारी ठेवायची असेल, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवून मगच तुलना करावी.